सर्वो हलला की बोर्ड रीसेट का होतो? कोडला हात लावण्याआधी वीजपुरवठा तपासा

"सर, कोड बरोबर हाय. नुसता सेन्सर लावला की चालतंय. सर्वो जोडला की बोर्ड सारखं बंद पडालंय."

विचारणारा खानापूरचा असो, निपाणीचा असो की इथल्याच शहापूर-वडगावचा, तक्रार बहुतेक याच शब्दांत येते. गणपतीच्या आधी बेळगावातल्या मंडळांच्या हलत्या देखाव्यांची कामं जोरात असतात, तेव्हा ती जास्त ऐकू येते. पुढे विज्ञान प्रदर्शनं आणि पॉलिटेक्निकचे प्रोजेक्ट सुरू झाले की पुन्हा तेच. मुलं रात्र-रात्र कोड उलटापालटा करतात, लायब्ररी बदलतात, डिले वाढवतात, शेवटी घरच्यांकडून पैसे मागून नवा बोर्ड (आर्डुइनो, ईएसपी३२ असा कोड चालवणारा) आणतात. नव्या बोर्डावरही तेच होतं आणि मग "आपल्याला हे जमणार नाही" असं वाटून सामान डब्यात जातं. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण अशा बहुतेक प्रोजेक्टमध्ये कोड ठीक असतो. बिघाड सर्वोला, म्हणजे सांगितलेल्या कोनात वळणाऱ्या छोट्या मोटरला, वीज कुठून दिली आहे, तिथे असतो. म्हणून तपासायचं कसं आणि दुरुस्त करायचं कसं, ते इथे सविस्तर लिहितो.

लक्षणं नेहमी एकसारखी दिसत नाहीत, त्यामुळे गोंधळ होतो. सर्वो जागच्या जागी थरथरतो. एलसीडीचा उजेड मंदावतो किंवा त्यावर भलतीच अक्षरं येतात. अंतर मोजणारा अल्ट्रासोनिक सेन्सर मधूनच शून्य दाखवतो. लॅपटॉपवरचा पोर्ट एकदम गायब होतो आणि केबल काढून लावली की परत दिसतो. ईएसपी३२ असेल तर सिरियल मॉनिटरवर ब्राउनआउटचा, म्हणजे व्होल्टेज फार पडल्याचा, संदेश येऊन बोर्ड पुन्हा सुरू होतो. तो निदान स्वतःचा आजार सांगतो तरी. आर्डुइनो उनो (नेहमीचा आर३) काहीच सांगत नाही. तो सुरू होतो, सर्वोला हुकूम देतो, सर्वो उठताच व्होल्टेज पडतं, बोर्ड रीसेट होतो, पुन्हा सुरू होऊन पुन्हा तोच हुकूम देतो. बघणाऱ्याला मात्र सर्वो खुळ्यासारखा धक्के मारताना दिसतो.

आधी खात्री करा

पहिली चाचणी साधी आहे. सर्वोचा तीन वायरचा कनेक्टर पूर्ण काढा, कोडमध्ये काहीही बदलू नका आणि प्रोजेक्ट चालवा. सेन्सरचे आकडे स्थिर झाले, बोर्ड बंद पडेनासा झाला, तर कोडवर संशय घेण्याचं कारण उरत नाही. तोच कोड, तोच हुकूम, फक्त सर्वोचा लोड नाही.

दुसरी चाचणी रीसेट पकडायची. कोडच्या सेटअप भागात १३ नंबरच्या पिनवरचा एलईडी भराभर तीनदा लुकलुकेल एवढं लिहा. सेटअप हा भाग बोर्ड सुरू होताना एकदाच चालतो. त्यामुळे सर्वो हलल्यावर तो एलईडी पुन्हा तीनदा लुकलुकला, तर बोर्ड रीसेट झाला हे डोळ्यांनी दिसतं. यात एक गोष्ट लक्षात असू द्या: सिरियल मॉनिटर उघडला की उनो एकदा रीसेट होतोच, ती त्याची रचनाच आहे. त्या वेळचं लुकलुकणं मोजू नका.

तिसरी चाचणी मल्टिमीटरची. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनला आणि दुसरं ग्राउंडला लावा. सर्वो स्वस्थ असताना आकडा बघा, मग तो हलताना बघा. सर्वोचा पांढरा हात दोन बोटांत क्षणभर अलगद धरला तर आकडा आणखी खाली येईल. जोर लावू नका, छोट्या सर्वोचे दाते प्लॅस्टिकचे असतात. साधा मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, आणि व्होल्टेजची घसरण काही मिलिसेकंदांची असते. म्हणजे मीटरवर ४.६ दिसत असेल तर खरी घसरण त्याहून बरीच खाली गेलेली असते. मीटरवर ५ दिसतंय म्हणून वीजपुरवठा निर्दोष आहे असं धरून चालू नका. ज्यांच्या कॉलेजात ऑसिलोस्कोप आहे त्यांनी तो जरूर लावून पाहावा. ती घसरण पडद्यावर एकदा बघितली की विषय कायमचा समजतो.

असं का होतं?

शेतातली मोटर सुरू झाली की वस्तीवरच्या घरातला बल्ब क्षणभर मंद होतो, हे आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. थांबलेली मोटर सुरू होताना चालू मोटरीच्या कितीतरी पट करंट ओढते. सर्वोच्या पोटातही मोटरच आहे आणि ती दर हुकमाला थांबलेल्या अवस्थेतूनच उठते.

आकडे बघा. एसजी९० हा निळा, ९ ग्रॅमचा सर्वो ४.८ ते ६ व्होल्टवर चालतो. स्वस्थ असताना काही मिलिअँपिअर, मोकळा फिरताना शंभर ते अडीचशे, आणि अडकला किंवा नुकताच उठत असला तर सहाशे-सातशे मिलिअँपिअर ओढतो. धातूच्या दात्यांचा एमजी९९६आर ६ व्होल्टवर अडकला तर अडीच अँपिअरपर्यंत जातो. आता देणाऱ्याची बाजू बघा. लॅपटॉपच्या साध्या यूएसबी २ पोर्टची मर्यादा ५०० मिलिअँपिअर, आणि उनोवर यूएसबीच्या वाटेत तेवढ्याच क्षमतेचा आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज बसवलेला आहे. एक छोटा सर्वो मोकळा फिरवताना हे कसंबसं निभावतं. म्हणून तर "काल चालत होतं" असं सगळे सांगतात. दोन सर्वो एकाच क्षणी उठले, किंवा एकाच सर्वोला देखाव्यातल्या मूर्तीचा हात उचलायला लावला, की हिशेब फिसकटतो.

उनोवरचा एटीमेगा३२८पी हा चिप १६ मेगाहर्ट्झवर नीट चालायचा तर त्याला ३.८ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून जास्त लागतात. पण व्होल्टेज फार पडलं म्हणून चिपला रीसेट करणारी सोय उनोवर २.७ व्होल्टला जागी होते. मधल्या पट्ट्यात, म्हणजे ३.८ च्या खाली आणि २.७ च्या वर, चिप रीसेटही होत नाही आणि त्याच्या वागण्याची खात्रीही देता येत नाही. व्हेरिएबलमध्ये भलताच आकडा येणं, एलसीडीवर कचरा दिसणं, कोड मध्येच गोठणं ही न समजणारी दुखणी बहुतेक या पट्ट्यातली असतात. हे एकदा लक्षात आलं की "कोड कधी चालतो, कधी नाही" याचं गूढ उरत नाही.

"मग १२ व्होल्टचा अॅडॅप्टर जॅकला लावतो" हा उपाय बरेच जण करतात आणि तो आणखी वाईट ठरतो. जॅकमधून आलेली वीज बोर्डावरच्या लिनिअर रेग्युलेटरमधून जाते. तो जादाचे व्होल्ट उष्णतेत घालवतो. १२ चे ५ करताना ७ व्होल्ट जळतात. ३०० मिलिअँपिअर ओढले तर ७ गुणिले ०.३, म्हणजे २.१ वॉट उष्णता नखाएवढ्या चिपवर. तो तापतो, स्वतःला वाचवायला बंद होतो, थंड झाला की पुन्हा चालू. सगळा प्रोजेक्ट काही मिनिटं नीट चालून मग मरत असेल, तर त्या रेग्युलेटरजवळ बोट नेऊन बघा. जपून, चटका बसतो.

चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी तर यासाठी विसरूनच जा. गावातल्या कोणत्याही दुकानात ती मिळते, क्लिप स्वस्त, दिसायला नीटस, म्हणून प्रदर्शनातल्या निम्म्या रोबोंवर ती चिकटवलेली दिसते. पण ती मीटर, रिमोट असल्या अगदी थोडा करंट ओढणाऱ्या वस्तूंसाठी केलेली आहे. चांगल्या अल्कलाइनची क्षमताही ५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास, आणि थोडी वापरली की तिचा अंतर्गत रोध वाढत जातो. सकाळी घरी चालून दुपारी परीक्षकांसमोर न चालणाऱ्या प्रोजेक्टमध्ये मी सर्वांत आधी हीच बॅटरी बघतो. आणि ती थेट सर्वोला लावायचा विचारही करू नका. ९ व्होल्ट त्याच्या मर्यादेपलीकडचे आहेत.

उपाय: सर्वोला वेगळी वीज, ग्राउंड मात्र एक

सर्वोला त्याचा स्वतःचा ५ व्होल्टचा पुरवठा द्यायचा. बोर्डाने फक्त सिग्नल द्यायचा. जोडणी अशी: सर्वोची लाल वायर वेगळ्या पुरवठ्याच्या प्लसला. तपकिरी वायर त्याच पुरवठ्याच्या मायनसला. नारिंगी वायर बोर्डाच्या सिग्नल पिनला, समजा ९ नंबरला. आणि चौथी वायर, जी हमखास राहते: पुरवठ्याचा मायनस ते बोर्डाचा ग्राउंड.

ही चौथी वायर नसेल तर सर्वो वेड्यावाकड्या उड्या मारतो किंवा हलतच नाही. कारण सिग्नल म्हणजे दोन वायरमधला व्होल्टेजचा फरक. बोर्डाने दर २० मिलिसेकंदांनी एक ते दोन मिलिसेकंदांचा ५ व्होल्टचा पल्स पाठवला, पण तो ५ व्होल्ट कशाच्या तुलनेत हे सर्वोला कळायला दोघांचं शून्य एकच हवं. वेगळा पुरवठा लावून "सर, आता तर जास्तच बिघडलं" असं कुणी म्हणालं की बहुतेक वेळा हीच वायर राहिलेली असते. प्लस मात्र एकमेकांना जोडायचे नाहीत. वेगळ्या पुरवठ्याचा प्लस आणि यूएसबीवर चालणाऱ्या बोर्डाचा ५ व्होल्ट एकत्र केला, तर दोन पुरवठे एकमेकांत वीज ढकलतात आणि लॅपटॉपच्या पोर्टलाही धोका.

पुरवठा कोणता घ्यायचा? एक-दोन एसजी९० साठी घरात पडून असलेला ५ व्होल्ट, २ अँपिअरचा जुना मोबाइल चार्जर उत्तम. यूएसबी केबलचं एक टोक कापा, आतल्या लाल-काळ्या वायर सोला, पण रंगावर विश्वास न ठेवता मीटरने प्लस-मायनस तपासा. स्वस्त केबलमध्ये रंग कसेही असतात. जाड यूएसबी-ए तोंडाचे फास्ट चार्जरही चालतात, मोबाइलने मागितल्याशिवाय ते ५ व्होल्टच देतात. दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलचे चार्जर मात्र नुसती केबल कापून काहीच देणार नाहीत, त्यांना पलीकडे यंत्र जोडलंय याची खूण लागते. पॉवर बँकही सर्वोला चालते, पण करंट फार कमी झाला की ती स्वतःहून बंद होते. येळ्ळूरच्या भातशेतात ओलावा मोजायला ठेवलेला सेन्सर रात्री का थांबला, याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

एमजी९९६आर सारखे दणकट सर्वो असतील तर अडकल्यावरचा करंट गुणिले एकाच वेळी हलणारे सर्वो, असा हिशेब धरा. तीन सर्वो एकदम उचलायचे तर साडेसात अँपिअरची तयारी हवी. मंडळांना हे जड जातं. म्हणून कोडमध्ये ते एकामागोमाग, दोन-तीनशे मिलिसेकंदांच्या अंतराने उठवा. देखाव्यात प्रेक्षकाला फरक कळत नाही आणि ५ व्होल्ट, ५ अँपिअरचा एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा) पुरतो.

१२ व्होल्टवरून ५ करायचे असतील तर एलएम२५९६ चं छोटं बक मॉड्यूल (व्होल्ट खाली आणणारं) वापरा. ते लिनिअर रेग्युलेटरसारखं जादाची वीज जाळून टाकत नाही. कागदावर ३ अँपिअर लिहिलेलं असतं, हीटसिंकशिवाय २ च्या आत ठेवा. आणि एक नियम अजिबात मोडू नका: आउटपुटला काहीही न जोडता आधी १२ व्होल्ट द्या, मीटर लावा, पितळी स्क्रू फिरवून ५ व्होल्ट आणा, मगच सर्वो जोडा. स्क्रू बऱ्याचदा कितीतरी फेरे फिरवावा लागतो तेव्हा कुठे आकडा हलतो, त्यामुळे मॉड्यूल खराब आहे असं समजू नका. ते दुकानातून आलं तेव्हा आउटपुट १२ च्या जवळ असू शकतं, आणि तेवढ्यात सर्वोचा धूर निघतो.

वायर आणि ब्रेडबोर्ड

वेगळा, दणकट पुरवठा लावला, ग्राउंड जोडला आणि तरी सर्वो लुळा पडतोय? मग वाटेत वीज गळते आहे. हा भाग लोक हमखास वगळतात, म्हणून थोडा रेंगाळतो.

मीटरचं लाल टोक पुरवठ्याच्या प्लस टर्मिनलवर टेकवा आणि काळं टोक सर्वोच्या कनेक्टरमध्ये लाल वायरच्या धातूच्या पट्टीवर. दोन्ही टोकं प्लसवरच आहेत हे विचित्र वाटेल, पण हवंय तेच. वायरमध्ये काही हरवत नसेल तर मीटर शून्याजवळ राहील. आता सर्वो हलवा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर वायर चांगली. ०.५ किंवा त्याहून जास्त दिसलं तर तेवढे व्होल्ट त्या वायरीत आणि तिच्या सांध्यांत जळताहेत. मग काळं टोक एकेक सांधा मागे आणत या: सर्वोचा कनेक्टर, ब्रेडबोर्डचं (सोल्डर न करता वायर खोचायच्या पाटीचं) भोक, जंपरचं (दोन जागा जोडणाऱ्या सुट्या वायरचं) टोक. जिथे आकडा एकदम घटतो, त्या दोन जागांच्या मध्ये चोर आहे. मायनसच्या बाजूलाही असंच करा; तिकडची घसरण तर आणखी त्रासदायक, कारण तिने सिग्नलचं शून्यच सरकतं.

चोर बहुतेक वेळा ब्रेडबोर्डात सापडतो. त्यातल्या पट्ट्या एखाद अँपिअरपलीकडच्या कामाच्या नाहीत, आणि जाडजूड पिना घालून सैल झालेल्या भोकांना त्याहूनही कमी झेपतं. लांब ब्रेडबोर्डवर कडेची लाल-निळी रांग बऱ्याचदा मध्यावर तुटलेली असते. छापलेली रेघही तिथे तुटक दिसते, पण लक्ष जात नाही. आपल्याकडच्या पावसाचाही यात हात आहे. खानापूर, कणकुंबीकडचा पावसाळा ज्याने पाहिलाय त्याला घरातल्या दमटपणाबद्दल सांगायला नको. त्या हवेत स्वस्त जंपरच्या टोकांवर गंज चढतो आणि उन्हाळ्यात चाललेली जोडणी श्रावणात दगा देते. सर्वोचा वीजप्रवाह ब्रेडबोर्डातून नेऊच नका. स्क्रू टर्मिनल घ्या नाहीतर सरळ सोल्डर करा. ब्रेडबोर्ड सिग्नल आणि सेन्सरपुरता ठेवा.

देखाव्यात बोर्ड स्टेजमागे आणि हलणारा हात पाच मीटरवर, असं सर्रास असतं. जाऊन-येऊन दहा मीटर वायर. २८ गेजच्या बारीक जंपरसारखी वायर वापरली तर तिचा रोध मीटरला ०.२१ ओहम, म्हणजे एकूण २.१ ओहम. एक अँपिअरला २.१ व्होल्ट वाटेतच गेले, सर्वोला उरले तीनपेक्षाही कमी. तिथेच घरगुती वायरिंगची १ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाकली तर नुकसान ०.२ व्होल्टच्या आत. सर्वो खूप असतील तर १२ व्होल्टच तिथपर्यंत न्या आणि बक मॉड्यूल सर्वोजवळ बसवा. मंडळाचा वायरमन असतोच, त्याला आकडा सांगितला की तो योग्य वायर काढून देतो.

सर्वोच्या अगदी जवळ, प्लस-मायनसवर ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा, १० किंवा १६ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावा. उठतानाचा पहिला झटका तो झेलतो. त्याच्या अंगावरची पांढरी पट्टी मायनसची; उलटा लावला तर फुटतो. पण कमकुवत पुरवठ्याला कपॅसिटर हा पर्याय नाही. तो काही मिलिसेकंद निभावून नेतो, अडकलेल्या सर्वोची सेकंदभराची मागणी तो भागवू शकत नाही.

सेन्सर खोटं का बोलतात

रीसेट थांबले तरी आकडे डुलत असतील तर एक बारकावा समजून घ्या. उनो अॅनालॉग पिनवरचं व्होल्टेज ० ते १०२३ मध्ये मोजतो, ते स्वतःच्या ५ व्होल्टच्या तुलनेत. ते ५ व्होल्टच हलले तर मोजपट्टीच आखडते. एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. ३० अंशांना ०.३ व्होल्ट. पुरवठा ५ असेल तर आकडा ६१, गणित केलं की जवळपास ३०. पुरवठा ४.५ वर आला तर त्याच ०.३ व्होल्टचा आकडा ६८ होतो आणि कोड सांगतो ३३ अंश. हवा तीच, सेन्सर खरा, पण उत्तर तीन अंशांनी चुकलं. यावर उपाय म्हणजे एलएम३५ साठी चिपच्या आतला १.१ व्होल्टचा संदर्भ वापरणं. तो पुरवठ्याबरोबर हलत नाही आणि आकडेही बारीक मिळतात. मात्र तो चिपगणिक १.० ते १.२ मध्ये कुठेही असू शकतो, म्हणून एकदा मीटरशी जुळवून घ्या. पोटेन्शिओमीटर (फिरवून बदलायचा रोध) किंवा एलडीआर (उजेडानुसार बदलणारा रोध) ५ व्होल्टमधूनच भाग करून देत असल्यामुळे त्यांचे आकडे पुरवठ्याबरोबर फारसे हलत नाहीत. तिथे नेहमीचा संदर्भच बरोबर.

एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासोनिक सेन्सर जेमतेम १५ मिलिअँपिअर घेतो, तो बोर्डाच्या ५ व्होल्टवर खुशाल ठेवा. ईएसपी३२ ला जोडताना मात्र त्याच्या इको पिनमधून ५ व्होल्ट येतात आणि ईएसपी३२ ला ३.३ च झेपतात. मध्ये १ किलोओहम आणि २ किलोओहमच्या रोधांचा व्होल्टेज विभाजक घाला. डीएचटी२२ या तापमान-दमटपणा मोजणाऱ्या सेन्सरला दोन सेकंदांच्या आत पुन्हा विचारलं तर तो नीट उत्तर देत नाही. तो दोष विजेचा नाही. मातीतला दोन काट्यांचा ओलावा सेन्सर सतत चालू ठेवला तर काटे झिजतात. त्याला एखाद्या डिजिटल पिनवरून फक्त मोजण्यापुरती वीज दिली तर चालते, कारण त्याची मागणी काही मिलिअँपिअरचीच असते. उनोच्या पिनला २० मिलिअँपिअरपर्यंत ठेवायचं, ४० ही तिची कमाल सीमा. रिलेची कॉइल सत्तर-ऐंशी घेते, तेव्हा रिले, मोटर, सर्वो यांतलं काहीही पिनवरून चालवायचं नाही.

आकडे घ्यायचे तेव्हा सर्वो थांबलेला असू द्या. हलवा, थोडं थांबा, मोजा, मग पुढचा हुकूम. एवढ्या क्रमानेही बराच गोंधळ कमी होतो.

ईएसपी३२ वाल्यांसाठी आणखी एक. वायफाय पाठवताना हा चिप अडीचशे मिलिअँपिअरच्या आसपास झटके घेतो, आणि बोर्डावरच्या ३.३ व्होल्टच्या रेग्युलेटरला वरून साडेचारच्या पुढे व्होल्ट लागतात. लांब, बारीक, फक्त चार्जिंगसाठी केलेली केबल असेल तर सर्वो नसतानाही ब्राउनआउट येतो. आधी आखूड, जाड केबल लावून बघा. ब्राउनआउट ओळखणारी सोयच कोडमधून बंद करायचा सल्ला बऱ्याच जागी मिळतो. तो घेऊ नका. संदेश येणं थांबतं, व्होल्टेज पडणं थांबत नाही, आणि चिप अर्धवट विजेवर काहीही करू लागतो.

एवढं करूनही सर्वो गुणगुणतोय?

टोकाला जाऊन सर्वो सतत गुणगुणत आणि तापत असेल तर त्याला त्याच्या आवाक्यापलीकडे वळायला सांगितलं जातंय. आर्डुइनोची सर्वो लायब्ररी ० ते १८० अंशांसाठी ५४४ ते २४०० मायक्रोसेकंदांचे पल्स पाठवते. स्वस्त एसजी९० पैकी अनेकांचे दाते त्याआधीच आतल्या अडसराला टेकतात. मग तो अडकलेल्या अवस्थेतला सहाशे-सातशे मिलिअँपिअर सलग ओढत राहतो आणि आपण पुरवठ्याला दोष देत बसतो. हुकूम १० ते १७० अंशांत ठेवून बघा. गुणगुण थांबली तर तुमच्या सर्वोची मर्यादा सापडली.

त्याच लायब्ररीमुळे उनोच्या ९ आणि १० नंबरच्या पिनांवरचं पीडब्ल्यूएम (पिन भराभर चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करायची सोय) बंद होतं. त्या पिनांवर एलईडी मंद-तेज करत असाल आणि सर्वो घातल्यावर तो बिघडला असेल, तर तो एलईडी ३, ५, ६ किंवा ११ वर हलवा.

संध्याकाळी लाइटचं व्होल्टेज कमी असणं हेही खेड्यांत नेहमीचं. १०० ते २४० व्होल्ट असं छापलेला चार्जर किंवा एसएमपीएस त्याला दाद देत नाही. जुना, जड, आत ट्रान्सफॉर्मर असलेला अॅडॅप्टर मात्र लाइटबरोबर वरखाली होतो, आणि लोड नसताना १२ च्या जागी १५-१६ व्होल्टही देतो. मिरवणुकीत जनरेटर असेल तर तो अॅडॅप्टर घरीच ठेवा.

एवढं तपासून अडलात तर विचारायला संकोच करू नका, फक्त अर्धवट माहिती देऊ नका. "सर्वो चालत नाही" एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही. कोणता बोर्ड, किती सर्वो आणि कोणते, पुरवठ्यावर किती व्होल्ट-अँपिअर छापलेत, सर्वो हलताना त्याच्याच कनेक्टरवर मीटरने किती व्होल्ट दाखवले, आणि सर्वो काढल्यावर बोर्ड नीट चालतो का, एवढं लिहा. सोबत जोडणीचा, चारही वायर स्पष्ट दिसतील असा एक फोटो द्या. कोड त्यानंतर पाठवला तरी चालेल.